घरात लग्न ठरले आहे आणि माझा जुन्या वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय आहे. दोन्ही एकाच वेळी कसे सांभाळावे?

लग्न होईपर्यंत दुकान बंद ठेवावे का, असे आपण विचारले आहे. बंद ठेवू नका. नवी खरेदी थांबवा आणि विक्री चालू राहू द्या. दमलेल्या डोळ्यांना जुना माल पारखता येत नाही. एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच कपाटाच्या खालच्या भागावर बसवलेला असेल, तर ते कळण्यासाठी मागच्या फळ्या, खणांचे सांधे आणि खिळ्यांची जुनी भोके सावकाश पाहावी लागतात, आणि डोक्यात पाहुण्यांची यादी घोळत असताना ते जमत नाही. हाताशी असलेला माल मात्र आधीच पारखलेला असतो. त्याची स्वच्छ छायाचित्रे, तडे व दुरुस्त्या न लपवता केलेले वर्णन आणि आपल्याला पाळता येईल अशी पोहोचवण्याची तारीख, एवढे गिऱ्हाइकाला पुरते.

परंतु मी लिहायला बसले ती आपल्या प्रश्नातील शेवटच्या वाक्यामुळे. ‘घरचे म्हणतात, दुकानातल्याच वस्तू सजावटीला वापरू, भाड्याचा खर्च वाचेल,’ असे आपण जाता जाता लिहिले आहे. त्याला साफ नकार द्या.

माझ्या भाचीच्या लग्नात दादाने हाच हट्ट धरला होता. ‘नाहीतरी तुझ्याकडे पडूनच आहे,’ हे त्याचे वाक्य. विकला न गेलेला माल म्हणजे पडून असलेला माल, ही समजूत बाहेरच्यांची असती तर मी सोडून दिली असती. पण ज्या घरातल्या अडचणी त्याच मालावर निभावल्या, त्या घरात ती ऐकून घ्यावी लागली. मी नाही म्हटले. तरीही मी एका गिऱ्हाइकाकडे माल पोहोचवायला गेले असताना त्याने आईकडून किल्ली घेतली आणि एक गोल टेबल, काही खुर्च्या व मुलाम्याची तबके कार्यालयात नेली. त्या टेबलाचा इसार मी आधीच घेतलेला होता.

टेबलाला लाखेचे पॉलिश होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच हे पॉलिश तयार करतात, त्यामुळे त्यावर स्पिरिट असलेल्या अत्तराचा फवारा उडाला तरी ते मऊ पडते, आणि पाण्याची तर त्याला सक्त मनाई. त्यावर फुलांनी भरलेली पितळी फुलदाणी रात्रभर ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी मी ती उचलली तेव्हा खाली तिच्या बुडाच्या आकाराचे पांढरे कडे उमटले होते आणि त्याच्या एका बाजूला, जिथे पॉलिशला आधीच बारीक चीर होती, तिथे नखाएवढा काळा डाग पडला होता. पांढरे कडे म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. तो बहुधा निघतो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचले, आणि तो काढायचा तर पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक आम्ल लावावे लागते. खुर्च्या पाठीला धरून ओढल्यामुळे सरसाने जोडलेले दोन सांधे सुटले. तबकांवरचा काळपटपणा बरा दिसत नाही म्हणून कुणीतरी ती पावडरने इतकी घासली होती की कडांवरचा मुलामा जाऊन खालचे तांबे दिसू लागले. विजेने मुलामा देण्याची पद्धत 1840च्या सुमारास व्यापारात आली; तेव्हापासून टिकलेला पातळ थर एका दुपारी घासून काढणे हे माझ्या घरच्यांनाच जमले.

गिऱ्हाइकाला मी डाग दाखवला आणि इसार परत केला. ‘टेबल वस्तू ठेवण्यासाठीच असते,’ असे दादा आजही म्हणतो. स्वतःच्या गाडीच्या टपावर मात्र तो कुणाला सामान बांधू देत नाही. लग्नातील कामांपैकी आमंत्रणे, हिशेब आणि पाहुण्यांची ने-आण मी सांभाळली होती, हे त्याच्या मोजणीत येत नाही. म्हणून आपणही वेळ द्या, पैसे द्या, हवे तर सजावटीचे भाडे स्वतः भरा. माल देऊ नका. किल्ली घरात ठेवू नका. विकलेल्या वस्तूवर तशी चिठ्ठी लावून ती वेगळ्या जागी ठेवा.

मुलामा नसलेली भरीव पितळी किंवा तांब्याची मोठी भांडी दिली तर फारसे बिघडत नाही, हे मान्य करते. फक्त नेण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र घ्या आणि परत आल्यावर ती घासू नका, कारण जुन्या धातूवर काळाने चढलेली गडद झाक हीच अर्धी किंमत असते. आपला व्यवसायच वस्तू भाड्याने देण्याचा असेल, तर वरील बराचसा राग आपल्याला लागू नाही.

आणखी एक. परदेशातून आलेले पाहुणे आठवण म्हणून दुकानातले काहीतरी छोटे मागतात. ते हस्तिदंती असेल तर देऊ नका. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील साइट्स करार 1975पासून लागू आहे, आणि वस्तू कितीही जुनी असली तरी तिच्या वयाची कागदपत्रे व परवाना नसेल तर ती सीमेवर जप्त होऊ शकते. अशा पाहुण्याला एखादी जुनी पितळी अडकित्त्यासारखी वस्तू द्या, आणि तीही पावती करून.