खिशावरची ढाल वाचताना

प्रिय बाय,

पुढच्या असेंब्लीत शाळेच्या बोधचिन्हावर तीन मिनिटं बोलायचं तुझ्याकडे आलंय. तीन मिनिटं म्हणजे फार तर साडेतीनशे शब्द. त्यात क्रूस, दिवा, पुस्तक, लिली, तारा आणि लॅटिन ब्रीदवाक्य असं सगळं कोंबलंस तर नुसती यादी होईल. दोन चिन्हं निवड, बाकीच्यांना एकेक वाक्य पुरे.

पण त्याआधी ही ढाल, म्हणजे खिशावरचं ढालीच्या आकाराचं बोधचिन्ह, कुणाकडून आली ते शोध. कॉन्व्हेंट शाळेचं चिन्ह बहुधा ती काढणाऱ्या सिस्टर्सच्या संस्थेचं असतं, किंवा त्यावरून बेतलेलं. डोंगर आणि तीन तारे दिसले तर कार्मेल परंपरा समज. तो डोंगर हैफा शहराजवळचा कार्मेल पर्वत. उर्सुलाइन शाळांच्या चिन्हात क्रूसासोबत एक तारकासमूह असतो. ज्या संत उर्सुलावरून हे नाव आलं, त्या नावाचा अर्थ छोटी अस्वली, म्हणून तिथे छोट्या अस्वलाचे तारे. आपण त्याला ध्रुवमत्स्य म्हणतो. सात तारे मोजून घाईने सप्तर्षी म्हणू नकोस; ते मोठं अस्वल.

ढालीची उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची धरतात, बघणाऱ्याची नव्हे. म्हणजे तुला डावीकडे दिसतं ते ढालीचं उजवं. भाषणात इथेच गोंधळ होतो. सरळ ‘दिव्याकडची बाजू’, ‘लिलीकडची बाजू’ असं म्हण, सुटलीस. लिली येशूच्या आईच्या, मरियेच्या निर्मळतेची, आणि संत जोजेफच्या हातातही तीच असते.

आता दिवा. यावर मात्र वेळ घाल. बऱ्याच मुलींना घरची समई आठवेल आणि ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ जोडायचा मोह तुलाही होईल. वाक्य सुंदर आहे, पण या दिव्याची गोष्ट दुसरी. दिवा उघड्या पुस्तकावर असेल तर बायबलमधलं स्तोत्र 119 आठव: देवाचं वचन म्हणजे पावलांपुढचा दिवा. सगळा रस्ता उजळत नाही, पुढचं पाऊल टाकण्यापुरता उजेड मिळतो. दिवा एकटाच असेल तर माझ्या मते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25व्या अध्यायातल्या, दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिका जास्त जवळच्या. नवरदेवाला यायला उशीर झाला. पाच जणींनी कुप्यांत जादा तेल आणलं होतं, पाच जणींनी नव्हतं. त्यांनी तेल मागितलं, ते मिळालं नाही. ऐकताना शहाण्या पाच जणी कंजूष वाटतात, आणि एखादी मुलगी तसं विचारेलच. तिला सांग, काही तयारी उसनी देताच येत नाही: मैत्रिणीची वही परीक्षेच्या आदल्या रात्री मिळते, तिचा वर्षभराचा अभ्यास मिळत नाही.

चिन्हात आय-एच-एस ही अक्षरं असतील तर त्यांचा इंग्रजी विस्तार करू नकोस. ‘आय हॅव सफर्ड’ हा लोकांनी मागाहून लावलेला अर्थ. ती ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. मधलं ‘एच’ म्हणजे ग्रीक ईटा. चार्टला फोटो हवा असेल तर जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला हीच अक्षरं कोरलेली आहेत.

दोन हृदयांचीही गफलत होते. काट्यांचा मुकुट, जखम आणि वर क्रूस असेल ते येशूचं. फुलांचं कडं किंवा तलवार खुपसलेलं असेल ते मरियेचं. ज्वाळा दोन्हींवर असतात, तेव्हा त्यावरून ओळखू नकोस.

ब्रीदवाक्याचं भाषांतर नीट कर. ‘सेर्वियाम’ म्हणजे ‘मी सेवा करीन’. ‘सेवा हाच धर्म’ केलंस की त्यातली ‘मी’ हरवते, बोलणारी मुलगीच नाहीशी होते. ‘ओरा एत लाबोरा’ म्हणजे ‘प्रार्थना कर आणि काम कर’. एकेकीला सांगितलेल्या दोन आज्ञा आहेत त्या. ‘प्रार्थना आणि श्रम’ म्हटलं की फळ्यावरचा मथळा होतो.

चार्टसाठी चित्र खिशावरच्या बॅजवरून उतरवू नकोस. भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं मिटून जातात, आणि लिलीच्या पाकळ्यांचा तर गोळाच होतो. ऑफिसातून जुन्या लेटरहेडची किंवा शाळेच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठाची प्रत माग. पिवळ्यावर पांढरं काढू नकोस, मागच्या रांगेला काहीच दिसणार नाही. निळ्यावर पांढरं किंवा पिवळं चालेल. तारे रंगवण्याआधी मूळ चित्रात त्यांना किती टोकं आहेत ते मोज.

मसुदा झाला की दाखव. आधी मोठ्यानं वाचून घड्याळ लाव.

तुझी,
टीचर