धूर आला तर पोर्टलंडहून कुठे वळायचं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ऑगस्टअखेरीचा तुझा बेत वाचला. सिएटलहून ओरेगनमधलं बेंड शहर, तिथून क्रेटर लेक आणि परतताना ओरेगनचा किनारा. मार्ग छान आखला आहे. पण हा तिकडच्या वणव्यांचा भर हंगाम, आणि सोबत आईबाबा असणार, त्यात आईला दमा. म्हणून कोणता आकडा दिसला की कुठून वळायचं, ते निघण्याआधीच कागदावर लिहून ठेव. डोळे चुरचुरत असताना गाडीत बसून ठरवायला गेलं, तर ‘अजून थोडं पुढे जाऊन बघू’ असंच ठरतं.

तुझ्या वाटेवर वळायची जागा पोर्टलंड. तिथून हायवे 26 पूर्वेला माउंट हूडवरून मद्रास नावाच्या गावाला जातो, पुढे 97 ने बेंड. तोच 26 पश्चिमेला धरला तर सुमारे दीड तासात कॅनन बीच. म्हणजे पोर्टलंडपर्यंत काहीच वाया जात नाही. कॅस्केड्सची डोंगररांग ओलांडून पलीकडे उतरलं की मात्र किनाऱ्याकडे यायला पुन्हा घाटरस्तेच: 20, 22, 126 किंवा 58. सप्टेंबर 2020 च्या वणव्यांत 22 आणि 126 हे दोन्ही रस्ते बंद झाले होते. एक बंद झाला की सगळी वाहतूक उरलेल्यांवर येते.

आता आकडा, म्हणजे एक्यूआय, हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक. बाबा म्हणतील, ‘दीडशे एक्यूआय म्हणजे काय विशेष, आपल्याकडे रोजच असतो.’ त्यांना नीट समजावून सांग, कारण दोन्ही देशांची मोजपट्टी वेगळी आहे. हवेत दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5 (धुरातले अतिसूक्ष्म कण) असेल, तर भारतीय एक्यूआय 100 येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकन मोजणीत 150 च्या वर, ‘अनारोग्यकारक’ गटात पडते. आईसाठी मी अमेरिकन 100 हीच मर्यादा धरेन. धडधाकट माणसांनी 150 च्या वर चालणं-चढणं टाळावं.

एअरनाऊ या अमेरिकन सरकारी संकेतस्थळाचा ‘फायर अँड स्मोक’ नकाशा उघडून बेंडच्या ठिपक्यावर टिचकी मार आणि एका आकड्यावर न थांबता मागच्या दोन-तीन दिवसांचा तासातासाचा आलेख बघ. रात्री थंड हवा खोलगट भागात बसते, तिच्यात धूर कोंडतो. ऊन तापलं की तो वर उठतो. त्यामुळे सकाळी सातला 160 आणि दुपारी 60 असं दिसलं, तर उशिरा बाहेर पडून दिवस साधता येतो. दुपारचा आकडाही 100 च्या खाली येत नसेल, तर बेंड सोडून दे. पुढच्या 48 तासांसाठी नोआ या अमेरिकन हवामान संस्थेचा धुराचा अंदाज, एचआरआरआर-स्मोक, बघ, आणि त्यातला जमिनीलगतच्या धुराचाच नकाशा निवड. दुसरा नकाशा वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर दाखवतो. त्यात लाल दिसलं तरी खाली हवा बरी असू शकते. शिवाय उद्या पेटणारा वणवा आजच्या अंदाजात नसतो, म्हणून पोर्टलंडला जेवायला थांबशील तेव्हा सगळं पुन्हा तपास. रस्ते उघडे आहेत का, ते ओरेगनच्या ट्रिपचेक संकेतस्थळावर बघ.

क्रेटर लेकचं विशेष लक्षात ठेव. तळं जुन्या ज्वालामुखीच्या मुखविवराच्या कड्यांच्या आत खोल आहे आणि तिथे धूर साचला तर काठावर उभं राहूनही पाणी दिसत नाही. निघण्याआधी उद्यानाचे वेबकॅम बघ.

किनारा बहुधा वाचतो, कारण वारा समुद्रावरून येतो. पूर्वेचा कोरडा वारा सुटला की हे उलटतं. 2020 मध्ये धूर तिकडेही पोहोचला होता. हवामान खात्याने पूर्वेच्या वाऱ्यासह ‘रेड फ्लॅग’ म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा दिला असेल, तर किनाऱ्याचाही भरवसा धरू नकोस, घरीच राहा. आणि ऑगस्टमध्येही तिथे धुकं आणि 16-18 अंश असतात, आईबाबांचे स्वेटर घे.

बुकिंग दोन्हीकडे कर, पण रद्द करता येईल असंच, आणि रद्द करायची शेवटची वेळ त्याच कागदावर लिही. धूर आहे एवढ्यावरून कॅम्पग्राउंड बंद होईलच असं नाही, त्यामुळे पूर्ण पैसे परत मिळतील म्हणून बंद होण्याची वाट बघत बसू नकोस.

गाडीचा केबिन फिल्टर आधी बदल. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने बसव. धुरात एसी रीसर्क्युलेशनवर ठेव, पण चौघांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून झापड येते, म्हणून धूर विरळ दिसला की मिनिटभर बाहेरची हवा आत घे. काचेवर राख पडली तर कोरडा वायपर फिरवू नकोस, चरे पडतात. आधी पाणी सोड. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस. मास्क एन95 चेच, दोन्ही पट्टे डोक्यामागे. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. आईचा इनहेलर तिच्या पर्समध्ये हवा, डिकीत नको.

पावसाचा अंदाज दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नकोस. कोरड्या वादळातली वीज नवे वणवे लावते, आणि जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, चिखल-दगड थेट रस्त्यावर येतात. ‘फ्लॅश फ्लड वॉच’, म्हणजे अचानक पुराची सूचना, असेल तर तसल्या उताराखालचा रस्ता घेऊच नकोस.

निघण्याच्या तीन दिवस आधी बेंडचा आलेख मला पाठव, आपण मिळून बघू. आईबाबांना नमस्कार सांग.