पहिला अनुदान-अर्ज लिहिण्याआधी

अगं, विद्यापीठाच्या फलकावर निधीची सूचना लागते तोवर मुदत संपत आलेली असते. त्यात वडोदऱ्याची नवरात्र मध्ये आली, तर सही करणारं कुणी जागेवर सापडेल? वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी आयसीएमआरचं संकेतस्थळ दर सोमवारी स्वतः उघड. विज्ञान-संशोधनाला निधी देणारं सरकारी मंडळ एसईआरबी आता ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’मध्ये विलीन झालंय, तेही बघत जा.

प्रस्तावाची सुरुवात ‘भारतात मधुमेह वाढतो आहे’ अशी नको. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह-पाहणीतले आकडे, मधुमेह ११.४ टक्के आणि पूर्वमधुमेह १५.३ टक्के, परीक्षकांना पाठ असतात. प्रश्न बारीक हवा. दांडिया बाजारातल्या साठीपुढच्या बायका साखर तपासतात, पण पाय तपासून घेत नाहीत, ते का? असा. आणि त्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करणार असशील, तर हिमोग्लोबिनही कर. शरीरात लोह कमी असलं की एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. हे आधीच लिहिलंस तर परीक्षकाचा एक प्रश्न वाचतो.

खर्चाच्या तक्त्यात माझी फजिती झाली होती. यंत्र, पट्ट्या, टंकलेखन सगळं मांडलं, रुग्णांचं रिक्षाभाडं विसरले. दुसऱ्या भेटीला निम्मे आलेच नाहीत.

नीतिसमितीची मंजुरी आधी, रुग्ण नंतर. औषध किंवा आहार बदलून बघणार असशील तर पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणीही. मसुदा झाला की घेऊन ये, चहाबरोबर लाल पेनही तयार ठेवते.