रक्तातल्या जंतूचे नाव कळायला तीन दिवस का लागतात?

प्रश्न : माझ्या वडिलांना केळीच्या बागेतून परतल्यावर हुडहुडी भरून ताप आला. गावात दोन दिवस इंजेक्शने घेऊनही ताप उतरेना, म्हणून त्यांना जळगावला दाखल केले. तेथे रक्ताचे कल्चर पाठवले असून अहवालाला तीन ते पाच दिवस लागतील असे सांगतात. जंतू तासाभरात ओळखणारी यंत्रे आली आहेत ना? मग इतके थांबायचे कशासाठी? – एक वाचक, ता. यावल

उत्तर : आपली घालमेल मी समजू शकतो. यंत्रे आली आहेत हे खरे, पण बहुतेकांचे काम जंतू वाढल्यावरच सुरू होते. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घेऊन त्यातले जंतू वाढवणे म्हणजेच कल्चर. रक्तात जंतुसंसर्ग असला, तरी मोठ्या माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा एखाददुसराच जंतू सापडतो. म्हणून दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घेतात. एवढे रक्त पाहून नातेवाईक घाबरतात, परंतु कमी रक्त घेतले तर जंतू हाती न लागण्याची शक्यता वाढते. शिवाय एकाच जागच्या बाटलीत त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू उगवला, तर तो बाहेरून आला असावा हे दुसऱ्या जागेच्या रक्तावरून ताडता येते.

बाटली यंत्रात शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काही बाटल्यांच्या तळाशी असलेली निळसर हिरवी चकती त्यामुळे पिवळी पडते आणि यंत्र इशारा देते. बहुतेक वेळा हे एक-दोन दिवसांत घडते. पाच दिवसांची मुदत असते ती ‘काहीच उगवले नाही’ असे खात्रीने म्हणण्यासाठी.

इशारा मिळताच थेंबभर द्रव काचपट्टीवर पसरून ग्राम या शास्त्रज्ञाची, जंतू रंगवून पाहण्याची रंगक्रिया करतात. 1884 सालची ही पद्धत आजही काही मिनिटांत जंतूचा गट सांगते आणि डॉक्टरांना तो फोनवर कळवला जातो. पूर्वी नाव ठरायला आणखी एक-दोन दिवस जात. आता माल्डी-टॉफ यंत्रात जंतूच्या वसाहतीचा (एकत्र वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याचा) कण धातूच्या पट्टीवर लावून त्यावर लेझर सोडतात आणि त्याच्या प्रथिनांच्या वस्तुमानाच्या नक्षीवरून नाव मिनिटांत मिळते. पीसीआरची संचचाचणी (ठरावीक जंतूंची जनुके एकदम शोधणारी) तर उगवलेल्या बाटलीतूनच सुमारे तासाभरात नाव आणि ज्यांमुळे जंतू औषधाला दाद देत नाही अशी काही जनुके दाखवते. मात्र संचात नसलेला जंतू तिला दिसत नाही आणि ती महागही आहे.

नाव कळले म्हणजे औषध ठरले, असेही नाही. कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची चाचणी बहुधा आणखी एक दिवस घेते. तोवर डॉक्टर अंदाजाने सुरू केलेले औषध थांबवत नाहीत आणि अहवाल आल्यावर त्यात बदल करतात, हे योग्यच आहे.

गावातली इंजेक्शने प्रतिजैविकांची असतील, तर जंतू उशिरा उगवतो किंवा उगवतच नाही. त्यांची चिठ्ठी आणि शेवटच्या डोसची वेळ डॉक्टरांना आजच द्या. पुढे कधी तालुक्याहून बाटली पाठवायची वेळ आली, तर उन्हाळा आहे म्हणून ती बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये. उन्हापासून जपून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवावी.