एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून इंजिनची पारख

प्रश्न : हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) राखाडी-तपकिरी दिसला, पण कडेला एका जागी पांढुरका पट्टा आहे. इंजिन चांगले समजावे का?

उत्तर : राखाडी-तपकिरी, कोरडा थर हे ज्वलन नीट होत असल्याचे लक्षण आहे, कोरडी काजळी असती तर मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि तेलकट काळा थर असता तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंगमधून ऑइल जळते आहे, असा संशय घेतला असता. काळजी वाटते ती पट्ट्याची. सीटवर (मिटल्यावर व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या कड्यावर) टेकणारी चकचकीत कड सर्वत्र सारख्या रुंदीची असावी लागते. ती नेमकी पट्ट्यापाशी तुटलेली असेल, तर तेथून तप्त वायू गळत आहेत, आणि टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली फट) कमी राहिल्याने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसण्याची शक्यता मोठी आहे. पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वायुमार्गात) थोडे रॉकेल ओतून ते ज्वलनकक्षाकडे झिरपते का, हे आधी पाहा. कड जळून खाच पडली असल्यास व्हॉल्व्ह घासून वापरू नका, बदलाच.