चवथीच्या भेटीसाठी विणायला घेतेस तर

अगं, पहिल्याच खेपेला स्वेटर नको. आपल्या गोव्यात लोकर घालणार कधी? पावसाळ्यात कपाटात कुबट वास मात्र धरते. सुती धागा आणि ४ मिमीच्या सुया घे, हातपुसणं विण. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, म्हणून आधी नमुन्याला १० सेंमीपेक्षा थोडा मोठा चौकोन विणून धू, वाळव आणि मगच १० सेंमीत किती टाके बसतात ते मोज. याचा कंटाळा मुळीच करू नकोस. पोरं हाका मारणार, कुकरची शिटी होणार. तरी ओळ पुरी करूनच ऊठ. अर्ध्या ओळीत सोडलं की टाके निसटतात, शिवाय पुढे कुठल्या बाजूने विणायचं तेही कळत नाही. चवथीला द्यायचं तर जूनमध्येच टाके घाल. आणि सगळ्या घराला द्यायलाच हवं असं नाही, यंदा फक्त सासूबाईंसाठी विण.