आशियात आर्थिक संकट आलं की चिप लगेच महागतात का?

लगेच महागतीलच असं नाही, कधी उलटंच होतं. १९९७ साली दक्षिण कोरियाचं चलन, वॉन, गडगडलं. पण मेमरी चिपचा व्यवहार डॉलरमध्ये, आणि प्रत्येक डॉलरचे आता जास्त वॉन मिळत, त्यामुळे कोरियन कंपन्यांना कमी डॉलर घेऊनही परवडू लागलं. शिवाय जादा उत्पादनामुळे डीरॅम या मेमरी चिपचे भाव १९९६ पासूनच घसरत होते. खरा फटका बसतो नव्या गुंतवणुकीला. कर्ज महागतं, कारखान्यांचे बेत लांबणीवर पडतात, आणि कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागत असल्याने टंचाई उशिरा जाणवते. दुबळे खेळाडू तोवर विकले जातात: १९९९ मध्ये एलजीचा चिप व्यवसाय ह्युंदाईकडे गेला, आणि ह्युंदाईच्या त्या चिप कंपनीचंच पुढे हायनिक्स झालं. गुंतवणूकदार असाल तर शेअरच्या भावाआधी कंपनीचं कर्ज कोणत्या चलनात आहे ते बघा. डॉलरमधलं कर्ज वॉन पडला की बसल्याजागी फुगतं.